उपाशी राहणे म्हणजे उपवास नव्हे : सर्जिकल वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

सर्जिकल वॉर्डात पहिल्यांदाच रुजू होणाऱ्या सिस्टरला किंवा ब्रदरला पहिल्या आठवड्यात कामापेक्षा शब्दच अधिक गोंधळात टाकतात. राउंडच्या वेळी डॉक्टर “बेड सात, लॅपरोटॉमी, पोस्ट-ऑप डे टू, फ्लॅटस नाही, ड्रेन तीस, एनबीएमच ठेवा” असे एका दमात सांगून पुढच्या खाटेकडे वळतात आणि त्याच सात नंबरच्या खाटेवरची भोरहून आलेली आजी “पोट डब्ब झालंय गं बाई, वारा सरंना” असे म्हणत असते. डॉक्टरांचे ‘फ्लॅटस नाही’ आणि आजीचे ‘वारा सरंना’ ही एकच गोष्ट आहे, हे ज्या दिवशी ध्यानात येते त्या दिवसापासून सर्जिकल वॉर्डातले काम खऱ्या अर्थाने सुरू होते. पुण्याच्या रुग्णालयांत पेठांतले आणि उपनगरांतले रुग्ण असतात, तसेच मुळशी, पुरंदर, जुन्नर, दौंड या तालुक्यांतूनही रुग्ण येतात. केसपेपरवरची भाषा आणि खाटेवरची भाषा यांच्यामध्ये चोवीस तास उभी असलेली व्यक्ती परिचारिकाच असते. म्हणून या लेखात शुश्रूषेच्या पायऱ्या रुग्ण भरती झाल्यापासून घरी जाईपर्यंतच्या क्रमाने दिल्या आहेत आणि शब्द त्या-त्या जागी उलगडले आहेत. आपल्या रुग्णालयाचे लेखी नियम आणि डॉक्टरांचे आदेश यांना नेहमीच प्राधान्य द्यावे.

आधी नावे वाचायला शिका

शस्त्रक्रियांची नावे लांबलचक दिसली तरी त्यांच्या शेवटच्या तुकड्यात बहुतेक अर्थ सामावलेला असतो. ‘एक्टॉमी’ म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकणे. अपेंडिक्स काढली की अपेंडिसेक्टॉमी, पित्ताशय काढले की कोलेसिस्टेक्टॉमी, गर्भाशय काढले की हिस्टरेक्टॉमी. ‘ओटॉमी’ म्हणजे छेद घेऊन उघडणे. लॅपरोटॉमीत पोट उघडले जाते. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे शरीरातून बाहेर येणारे तोंड तयार करणे; कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचे तोंड पोटाच्या त्वचेवर आणलेले असते आणि ट्रॅकिओस्टॉमीत श्वासनलिकेला गळ्यावर वाट करून दिलेली असते. ओटॉमी आणि ऑस्टॉमी कानाला सारखेच लागतात, परंतु कोलोस्टॉमीसारख्या ऑस्टॉमीच्या रुग्णाला पिशवी लावणे, तोंडाभोवतीची त्वचा जपणे आणि घरी जाण्यापूर्वी हे सारे शिकवणे आवश्यक असते. त्यामुळे हॅण्डओव्हर घेताना शंका आल्यास पुन्हा विचारण्यात कमीपणा मानू नये. ‘ऱ्हाफी’ म्हणजे शिवणे, ‘पेक्सी’ म्हणजे सुटलेला अवयव जागेवर बांधणे, ‘स्कोपी’ म्हणजे दुर्बिणीतून पाहणे.

‘प्लास्टी’ म्हणजे नव्याने घडवणे, आणि या शब्दाशी पुण्याचे जुने नाते आहे. १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाला टिपूच्या सैन्याने पकडून त्याचे नाक आणि एक हात कापला होता. पुढे पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या जातीतील माणसाने त्याच्या कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक बसवले. या शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले आणि त्यावरूनच जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने पुढे १८१४ साली ही शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली. ऱ्हायनोप्लास्टी हा शब्द विसरण्याचे पुण्यातल्या परिचारिकेला तरी कारण नाही.

रुग्णांची नावे वेगळी असतात. लॅपरोस्कोपीला ते ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात, स्पायनल ॲनेस्थेशियाला ‘मणक्यातली भूल’ आणि जनरलला ‘पूर्ण भूल’. ‘पिशवी’ या शब्दाशी मात्र विशेष सावधगिरी बाळगावी. “माझी पिशवी काढलीय” असे एखाद्या मावशी म्हणाल्या, तर ती गर्भाची असू शकते, पित्ताचीही असू शकते, आणि वॉर्डात तर लघवीच्या पिशवीलाही तोच शब्द आहे. कोणती पिशवी, कोणत्या साली, कोणत्या गावी, एवढे विचारल्याशिवाय जुन्या शस्त्रक्रियेची नोंद करू नये.

भरतीपासून आदल्या रात्रीपर्यंत

पहिली पायरी ओळख पटवण्याची. “तुम्ही शिंदे ना?” असे विचारल्यास भेदरलेला माणूस मान डोलावतो, आणि एकाच वॉर्डात तीन शिंदे असणे पुण्यात काही नवलाचे नाही. म्हणून “तुमचे पूर्ण नाव सांगा” असे विचारावे, उत्तर मनगटावरच्या पट्टीशी आणि आयपीडी (भरती रुग्णाच्या) क्रमांकाशी ताडून पाहावे, आणि हीच सवय इंजेक्शन, रक्त, तपासणीचा नमुना अशा प्रत्येक वेळी पाळावी. शस्त्रक्रियेची बाजू लिहिताना ‘डावा’ किंवा ‘उजवा’ हा शब्द पूर्ण लिहावा, आद्याक्षर लिहून सोडू नये.

दुसरी पायरी संमतीची. शस्त्रक्रिया कोणती, ती का करायची, धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते, हे समजावून सांगणे सर्जनचे काम आहे, आणि भुलीविषयी सांगणे भूलतज्ज्ञांचे. परिचारिका सहीची साक्षीदार होऊ शकते, पण समजावणीची जबाबदारी तिने अंगावर घेऊ नये. एका प्रक्रियेसाठी घेतलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावे लागणारे उपचार हा अपवाद. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत असावे, रिकाम्या जागा भरलेल्या असाव्यात आणि गुंगीचे औषध देण्यापूर्वी सही झालेली असावी. सही झाल्यावर “मला नक्की काय काढणार आहेत?” असे रुग्णाने विचारले, तर स्वतः उत्तर देत बसण्याऐवजी डॉक्टरांना पुन्हा बोलवावे. त्याने राउंड लांबतो आणि कधीकधी बोलणीही खावी लागतात, तरी बोलवावे.

त्यानंतर माहिती घेण्याचे काम येते. भूलतज्ज्ञांच्या तपासणीला वॉर्डात पीएसी म्हणतात. तिच्यासाठी रक्ताचे अहवाल, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे यांपैकी जे सांगितले असेल ते फाइलमध्ये लावून ठेवावे. ॲलर्जी, दमा, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीच्या भुलीचा त्रास हे प्रश्न छापील फॉर्मवर असतातच. परंतु “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला ठामपणे “नाही” म्हणणाऱ्या अनेक स्त्रिया रोज सकाळी मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच आहे, हे फॉर्म विचारत नाही. म्हणून “मिश्री लावता का, किती वेळा?” असेच विचारावे. गोळ्यांची नावे आठवत नसतील, तर घरच्या गोळ्यांची पिशवी जशीच्या तशी मागवून घ्यावी. त्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी, मधुमेहाची औषधे किंवा काढे-चूर्णे आढळल्यास ते लगेच डॉक्टरांना कळवावे. कोणती गोळी थांबवायची आणि कोणती सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची, हा निर्णय त्यांचा आहे. मधुमेही रुग्ण उपाशी असताना त्याला नेहमीचे इन्सुलिन देणे धोक्याचे ठरू शकते, त्यामुळे सकाळच्या डोसबद्दल लेखी आदेश मागावा आणि साखर तपासूनच पुढे जावे.

आता एनबीएम. या तीन अक्षरांचा अर्थ तोंडावाटे काहीही न देणे. भुलीच्या वेळी पोटात अन्न असेल, तर ते उलटून फुप्फुसांत जाण्याचा धोका असतो, त्यासाठी हे बंधन. मी नवखी असताना एका रुग्णालयात हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या एका काकांना संध्याकाळी मी सांगितले, “काका, उद्या तुमचा उपवास बरं का.” काकांनी मान डोलावली. सकाळी घरून डबा आला आणि ओटीतून, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधून, बोलावणे येईपर्यंत त्यांनी साबुदाण्याची वाटीभर खिचडी निष्ठेने संपवली होती. विचारल्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “उपवासाचंच खाल्लं की, सिस्टर.” शस्त्रक्रिया पुढे ढकलली गेली, काकांच्या मुलाची कामावरची रजा वाया गेली, आणि चूक काकांची नव्हे, माझ्या शब्दाची होती. उपवास म्हटले की महाराष्ट्रात फराळ आलाच. तेव्हापासून मी “पोट पूर्ण रिकामे ठेवायचे आहे, पाणी, चहा, फळ, खिचडी, तंबाखू, काहीच तोंडात घालायचे नाही” असे एकेक पदार्थ मोजून सांगते, वेळ घड्याळाची सांगते, आणि तेच डबा आणणाऱ्या माणसालाही सांगते.

वेळेचे सर्वमान्य गणित असे आहे : स्वच्छ पाण्यासारखे द्रव भुलीच्या २ तास आधीपर्यंत, अंगावरचे दूध ४ तास, हलके अन्न आणि गाई-म्हशीचे दूध ६ तास, आणि तळलेले किंवा तेल-तुपाचे जेवण ८ तास. दुधाचा चहा हा दुधात धरावा. “फक्त अर्धा कप चहा घेतला” हे पुण्याच्या सकाळी हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे सहा तासांची कथा असते. याउलट चूकही होते. यादीत शेवटी असलेल्या रुग्णाला मध्यरात्रीपासून दुपारी दोनपर्यंत पाण्यावाचून ठेवणे ही दक्षता नव्हे. शस्त्रक्रिया लांबते आहे असे दिसल्यास, पाणी देता येईल का, हे भूलतज्ज्ञांना फोन करून विचारावे, विशेषतः लहान मुले आणि वृद्धांच्या बाबतीत.

शस्त्रक्रियेच्या जागेचे केस वस्तऱ्याने काढण्याची जुनी रीत आता सोडायला हवी, कारण वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात आणि त्यांतून जंतुसंसर्गाला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या सूचनांनुसार केस काढूच नयेत, आणि अगदी आवश्यक असल्यास क्लिपरने कापावेत. आदल्या रात्री किंवा सकाळी साबणाने आंघोळ, नखे कापलेली, नेलपॉलिश काढलेली. नेलपॉलिश आणि गडद मेंदी यांमुळे बोटावरचे ऑक्सिजन मोजणारे यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकते. सणासुदीत मेंदी असल्यास ते ओटीत आधीच सांगावे.

दागिने काढताना हुकूम सोडू नये. मंगळसूत्र, जोडवी, हिरव्या बांगड्या काढणे अनेक स्त्रियांना अशुभ वाटते, आणि नेमक्या त्या दिवशी तर अधिकच. विजेच्या उपकरणाने त्वचा भाजण्याचा धोका आणि हाताला सूज आल्यास बांगडी रुतण्याचा धोका शांतपणे सांगितला, सासूबाई किंवा नवऱ्यासमोर सांगितला, तर बहुतेक जणी ऐकतात. दागिने नातेवाइकाच्या हातात देऊन वस्तूंची यादी रजिस्टरमध्ये लिहून सही घ्यावी. लिहिताना ‘सोन्याची’ असे न लिहिता ‘पिवळ्या धातूची’ असे लिहावे; सोने पारखणे हे आपले काम नाही. कवळी, चष्मा, श्रवणयंत्र, कॉन्टॅक्ट लेन्स यांचीही तशीच नोंद करावी.

ओटीच्या दारात आणि आत

वॉर्डातून ओटीपर्यंत रुग्णाबरोबर फाइल, अहवाल आणि संमतीपत्र जाते, सांगितलेल्या रक्ताची व्यवस्था झालेली असते आणि ओटीच्या सिस्टरला तोंडी व लेखी हॅण्डओव्हर देऊनच वॉर्डाची जबाबदारी संपते. मामा (वॉर्डबॉय) ट्रॉली ढकलत असले, तरी रुग्णाबरोबर परिचारिकेने चालावे.

आत जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी यादी वापरतात. २००८ साली आलेल्या या यादीत १९ मुद्दे आहेत आणि ते तीन थांब्यांवर मोठ्याने उच्चारायचे असतात : भूल देण्यापूर्वी साइन-इन, छेद घेण्यापूर्वी टाइम-आउट, आणि रुग्ण बाहेर नेण्यापूर्वी साइन-आउट. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तिची चाचणी झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. म्हणून टाइम-आउटच्या वेळी सर्वांनी थांबणे अपेक्षित आहे. मागाहून एका जागी बसून सगळ्या चौकटींत खुणा करणे म्हणजे यादी वापरणे नव्हे. स्क्रब नर्स हात धुऊन, निर्जंतुक गाऊन घालून अवजारे देते, आणि फ्लोअर नर्स बाहेरून सामान पुरवते व नोंदी ठेवते. गॉज, मॉप, सुया आणि अवजारे यांची मोजणी दोघींनी मिळून, मोठ्याने, सुरुवातीला, पोकळी बंद करण्यापूर्वी आणि त्वचा शिवताना करावी. मोजणी जुळत नसेल, तर सर्जन कितीही घाईत असोत, “काउंट जुळत नाही, सर” हे वाक्य उच्चारावेच लागते.

पहिले चोवीस तास

रुग्ण प्रथम रिकव्हरीत जातो. तिथे अनेक ठिकाणी ॲल्ड्रेट गुणांकन वापरतात : हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धीवर असणे आणि ऑक्सिजनचे प्रमाण या पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण, आणि साधारण ९ किंवा अधिक गुण झाले की रुग्ण वॉर्डात पाठवण्याजोगा होतो.

तो येण्यापूर्वी खाट तयार असावी : ऑक्सिजन, चालू स्थितीतील सक्शन, ड्रिपचा स्टँड, किडनी ट्रे आणि पुरेशी पांघरुणे. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या पहाटे ही पांघरुणे विशेष लागतात, कारण भुलीनंतर शरीर आधीच गार झालेले असते आणि हुडहुडीने ऑक्सिजनची गरज वाढते. रुग्ण ताब्यात घेताना आधी श्वास पाहावा, मग नाडी आणि रक्तदाब, मग शुद्ध, मग ड्रेसिंग, आणि त्यानंतर प्रत्येक नळी बोटाने मागोवा घेत पाहावी : सलाईन कोणते व किती वेगाने, रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घातलेली नळी) उघडी की बंद, ड्रेन (आतला स्राव बाहेर काढणारी नळी) कुठे व त्यात किती, कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) पिशवीत किती. कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती भूल दिली, आत किती रक्त गेले, कोणते वेदनाशामक किती वाजता दिले, हे विचारल्याशिवाय ओटीच्या माणसाला जाऊ देऊ नये. पूर्ण शुद्धीवर नसलेल्या रुग्णाला, मनाई नसल्यास, कुशीवर वळवून ठेवावे.

त्यानंतर ठरलेल्या अंतराने नोंदी. बहुतेक ठिकाणी पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, पुढचे दोन तास दर अर्ध्या तासाने, मग तासातासाने अशी पद्धत असते. प्रौढ माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०, ऑक्सिजन ९५ टक्के किंवा अधिक, हे आकडे सर्वांना पाठ असतात, पण शस्त्रक्रियेनंतर एकटा आकडा फसवतो आणि आकड्यांची चाल खरे सांगते. समजा नाडी ८४ होती, अर्ध्या तासाने ९८ झाली, मग ११६, आणि रक्तदाब ११८ वरून ११४ आणि १०८ वर आला. यातला रक्तदाबाचा कुठलाही आकडा स्वतंत्रपणे पाहिला, तर ‘ठीक’ वाटतो. परंतु आत रक्तस्राव होत असताना शरीर आधी नाडी वाढवून रक्तदाब सावरून धरते आणि रक्तदाब कोसळतो तेव्हा उशीर झालेला असतो. नाडी चढत आहे, त्वचा गार आणि चिकट आहे, लघवी कमी झाली आहे, एवढे जुळले की ड्रेसिंग कोरडे असले तरी फोन करावा. रुग्णाच्या कमरेखाली हात घालून पाहण्याचीही सवय ठेवावी, कारण रक्त वरच्या ड्रेसिंगवर न दिसता खाली चादरीत साचू शकते.

लघवीचे माप हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरवशाचे साधन आहे. प्रौढाला तासाला वजनाच्या दर किलोमागे किमान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला ३०. त्याखाली सलग दोन तास गेल्यास आधी कॅथेटर मुडपलेले नाही ना ते पाहावे आणि मग कळवावे. कॅथेटर नसलेल्या, विशेषतः मणक्यातली भूल घेतलेल्या रुग्णाला लघवी तुंबू शकते. ओटीपोट फुगलेले लागते आणि रुग्ण नुसताच अस्वस्थ असतो. याच भुलीनंतर उठून बसले की वाढणारी आणि आडवे झाले की कमी होणारी डोकेदुखी असेल, तर भूलतज्ज्ञांना तशाच शब्दांत सांगावे. उशी न देता चोवीस तास सपाट झोपवल्याने ही डोकेदुखी टळते, असे मात्र आढळलेले नाही. रुग्ण किती वेळ आडवा ठेवायचा, हे आदेशाप्रमाणे ठरवावे.

रुग्ण काय म्हणतो आणि आपण काय लिहितो

वेदना मोजण्यासाठी ० ते १० चा आकडा विचारतात. शहरातला तरुण तो सहज सांगतो. आजींना विचारले तर त्या “आता काय सांगू बाई” म्हणतात. त्यांना रुपयातले आणे विचारावेत. सोळा आण्यांपैकी किती दुखते, हे त्या अचूक सांगतात. त्याहून मोलाचे असते ते दुखण्याचे नाव, आणि मराठीत ही नावे उदंड आहेत. ‘ठणकतं’ म्हणजे नाडीबरोबर ठोके पडल्यासारखे दुखणे; ड्रेसिंगखाली सूज किंवा पू असू शकतो, प्लॅस्टर असल्यास ते घट्ट झालेले असू शकते. ‘कळ येते’ म्हणजे दुखणे येते आणि जाते. आतडे किंवा मूत्रमार्ग यांचा विचार करावा. ‘चमक निघते’ हे मज्जातंतूचे, ‘चरचरतं’ किंवा ‘आग होते’ हे बहुधा टाक्यांचे, लघवीच्या जागेचे किंवा सलाईनच्या शिरेचे. ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ हे उठून बसल्यावर असेल, तर रक्तदाब उतरलेला असू शकतो. ‘पोटरीत गोळा आलाय’ याकडे कधीही दुर्लक्ष करू नये; एका पायाची पोटरी सुजलेली, गरम किंवा दाबल्यावर दुखणारी असल्यास शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. ती पोटरी चोळू नये, नातेवाइकांना तेल लावू देऊ नये, आणि लगेच कळवावे.

आणि ‘जीव घाबरा होतोय’. हे शब्द ऐकून नवखी परिचारिका रुग्णाला धीर देते आणि केसपेपरवर ‘रुग्ण घाबरलेला’ असे लिहिते. मराठी माणूस हेच शब्द भीतीसाठी वापरतो, दम लागण्यासाठी वापरतो, रक्तस्रावाने येणाऱ्या अस्वस्थतेसाठी वापरतो, साखर उतरल्यावर वापरतो आणि हृदयविकाराच्या झटक्यातही वापरतो. म्हणून धीर देताना हात नाडीवर असावा. श्वास, रक्तदाब, ऑक्सिजन आणि गरज वाटल्यास साखर पाहून झाल्याशिवाय भीती हे कारण लिहू नये. नोंदीत रुग्णाचे शब्द अवतरणचिन्हांत जसेच्या तसे लिहावेत आणि त्यापुढे आपण मोजलेले आकडे. डॉक्टरांना फोन करतानाही हाच क्रम ठेवावा : मी कोण, कोणता रुग्ण, कधी कोणती शस्त्रक्रिया झाली, आता काय बदलले, आकडे काय, आणि मला काय हवे आहे. “सर, पेशंट बरोबर वाटत नाही” एवढ्यावर रात्री अडीच वाजता कोणी जिना चढून येत नाही. फोनवर मिळालेला आदेश लिहावा, वाचून दाखवावा आणि सकाळी त्यावर सही घ्यावी.

दुसऱ्या दिवसापासून

पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दुखेल या भीतीने उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो आणि फुप्फुसांच्या तळाशी कफ साठतो. उशी पोटावर दाबून धरून खोकायला शिकवावे. तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर बहुतेक जण फुंकतात. तो फुंकायचा नसून ओढायचा असतो, हे सांगून न थांबता समोर करून घ्यावे. मनाई नसेल, तर लवकरात लवकर खाटेच्या कडेला बसवून, पाय लोंबते ठेवून, चक्कर नाही ना हे पाहून मग चालवावे. “ऑपरेशन झालंय, पडून राहा” असा आग्रह नातेवाईक प्रेमानेच धरतात, पण हे प्रेम फुप्फुसांना आणि पोटरीच्या शिरांना महागात पडते.

आहाराचा क्रम डॉक्टर ठरवतात. वॉर्डात तो ‘सिप्स’, म्हणजे घोट घोट पाणी, इथून सुरू होऊन पेज, वरणाचे पाणी, मऊ भात असा चढत जातो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपली खरी लढाई सुरू होते ती पथ्याशी. भाताने पू होतो, आंबटाने टाके पिकतात, डाळ वातूळ, अंडे उष्ण, असे म्हणत घरची मंडळी रुग्णाला चहा-बिस्किटांवर ठेवतात. जखम भरायला प्रथिने लागतात. आहारतज्ज्ञांनी वेगळे सांगितले नसेल, तर वरण, मुगाची खिचडी, दूध, अंडे द्यावे, आणि हे बोलणे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीशीच करावे.

जखमेचे ड्रेसिंग हात धुऊन, निर्जंतुक पद्धतीने, स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे करावे. स्रावाचे वर्णन ‘थोडे आहे’ असे न लिहिता रंग, प्रमाण आणि वास लिहावा. पिवळसर पाण्यासारखा तो सिरस, लालसर पाणी मिसळलेला सिरोसँग्विनस, आणि पू असल्यास प्युरुलंट. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचव्या ते आठव्या दिवशी कोरडे असलेले ड्रेसिंग अचानक गुलाबी पाण्याने भिजले, तर आतला थर उसवत असण्याची शक्यता असते. खोकल्यावर “काहीतरी सुटल्यासारखं झालं” असे रुग्ण सांगतो. आतडे बाहेर दिसल्यास ते हाताने आत ढकलू नये. निर्जंतुक सलाईनमध्ये भिजवलेल्या पॅडने झाकावे, रुग्णाला गुडघे दुमडून आडवे ठेवावे, तोंडावाटे सर्व बंद करावे, रुग्णाजवळून न हलता दुसऱ्याला सर्जनना बोलवायला पाठवावे.

ताप केव्हा आला, यावरून त्याचे कारण शोधायला मदत होते : पहिल्या-दुसऱ्या दिवशी छाती पाहावी, तिसऱ्याच्या आसपास लघवी, पाचव्या-सातव्या दिवशी जखम, आणि कोणत्याही दिवशी सलाईनची सुई असलेली शीर व पोटऱ्या.

कचऱ्याचे नियम २०१६ पासून ठरलेले आहेत : रक्ताने माखलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत, नळ्या, कॅथेटर, आयव्ही सेट लाल पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, आणि लगेच कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. रागावतील या भीतीने हे लपवून ठेवणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

घरी जाताना

डिस्चार्ज कार्ड हे डॉक्टरांच्या भाषेत असते, म्हणून ते मराठीत सांगणे आपल्याकडे येते. टाके चेहऱ्यावरचे साधारण पाच दिवसांनी, पोटावरचे सात ते दहा आणि पायावरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. नेमकी तारीख वार घालून लिहून द्यावी. ‘जड उचलू नका’ याचा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो, तेव्हा पाण्याची कळशी, गॅसचा सिलिंडर, नातवंड असे म्हणावे. पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला, “गाडी कधी चालवू?” दुचाकीवर खड्डे आणि गतिरोधक पोटाच्या टाक्यांना किती ताणतात आणि किक मारणे हे वजन उचलण्याइतकेच आहे, हे समजावून सांगून तारीख सर्जनकडून घ्यावी. आषाढीच्या आधी डिस्चार्ज मिळणारे वारकरी वारीला जाण्याचे विचारतात. त्यांना नुसते नाही न म्हणता, पालखीच्या पुण्यातल्या मुक्कामात दर्शन घेऊन घरी परतायचे, असे सुचवले की ते सहसा मानतात.

शेवटी ताप, जखमेतून पू किंवा रक्त, न थांबणारी उलटी, पोटरीची सूज, दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता परत यायचे, हे सांगून रुग्णाला आणि सोबतच्या माणसाला ते त्यांच्या शब्दांत परत म्हणायला लावावे. “समजलं का?” या प्रश्नाला सगळेच “हो” म्हणतात, म्हणून तो विचारू नये. त्यांनी सांगितलेले बरोबर असेल, तर कार्डावर तशी नोंद करून सही घ्यावी आणि मनगटावरची पट्टी कापावी.